आभासी जाळ्याची देवडी

खरी यंत्रसामग्री मांडण्याऐवजी संगणकातच आभासी इथरनेट उभारून जाळ्यांचे शिक्षण देण्याचा प्रघात खर्चाच्या दृष्टीने रास्तच आहे. परंतु समूहपत्त्यांची, म्हणजे मल्टिकास्टची, त्यात जी बोळवण होते ती पाहिली म्हणजे विद्यार्थ्याच्या पदरी अर्धेच सत्य पडते, याची मला खंत वाटते.

इथरनेटचा पत्ता ४८ बिटांचा. त्याच्या पहिल्या अष्टकातील अखेरचे बिट १ असले म्हणजे ती फ्रेम समूहाला उद्देशून आहे असे समजावयाचे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत समूहाची ओळख पटविणारी बिटे २८, पण स्टीव्ह डीअरिंग यांच्या १९८९ च्या आरएफसी १११२ या दस्तऐवजानुसार त्यांतील शेवटची २३ च इथरनेटच्या पत्त्यात उतरतात, आणि गळालेल्या पाच बिटांपायी ३२ निरनिराळे समूह एकाच पत्त्यावर येऊन बसतात. २२४.१.१.१ आणि २२५.१.१.१ यांचा परस्परांशी सुतराम संबंध नसला तरी तारेवर दोघेही ०१-००-५ई-०१-०१-०१ या एकाच पत्त्याने वावरतात. शिवाय कित्येक नेटवर्क कार्डे पत्त्यावरून काढलेल्या सीआरसी या तपासअंकातील सहा बिटे घेऊन ६४ खणांच्या तक्त्यात नोंद पाहतात. खण भरलेला आढळला की फ्रेमला आत मुभा, मग ती मागितलेली असो वा नसो. अखेरचा निवाडा वरच्या सॉफ्टवेअरलाच करावा लागतो.

आता एनएस-३ हा सिम्युलेटर पाहा. त्यातील सीएसएमए उपकरण समूहाची फ्रेम दिसताच सभासदत्वाची चौकशी न करता ती सरसकट वर पाठविते. उलट क्यूएमू हे यंत्रांची नक्कल करणारे सॉफ्टवेअर रिअलटेकच्या जुन्या कार्डाची नक्कल करताना त्याचा ६४ खणांचा तक्ताही इमानाने चालविते, कारण खऱ्या कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरला त्याची अपेक्षा असते.

हा भेद क्षुल्लक नव्हे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत शेजारच्या यंत्राचा पत्ता विचारावयाचा तोही ३३-३३ ने आरंभ होणाऱ्या समूहपत्त्यावरच. ड्रायव्हरने तक्त्यातील चुकीचा खण भरला तर ती पृच्छा कार्डाच्या देवडीवरच अडते आणि पिंगला उत्तर येत नाही. कारण शोधण्यासाठी टीसीपीडम्प हा फ्रेमा टिपणारा प्रोग्रॅम चालू करावा, तर तो सहसा कार्डाला प्रॉमिस्क्युअस अवस्थेत नेतो, सारे दरवाजे उघडतात, आणि दोष डोळ्यांदेखत नाहीसा होतो! ज्याने सताड उघड्या देवडीवरच अभ्यास केला, त्याला या चकव्याचा उलगडा कोठून व्हावा?

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की मल्टिकास्टच्या पहिल्याच प्रयोगात हा ६४ खणांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा, एकाच खणात पडणारे दोन पत्ते त्यांना शोधावयास लावावे, आणि न मागता आत आलेल्या फ्रेमा त्यांनी स्वतः मोजाव्या.