जुन्या तबकड्या आणि नवें कोठार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण नित्य उच्चारतों; परंतु सोनें एका पेटींतून दुसऱ्या पेटींत नेतांना मनुष्य जी सावधगिरी बाळगतो, ती संगणकांतील लेख, चित्रें व नोंदी हलवितांना बाळगतोच असें नाहीं. शाळेच्या किंवा घरच्या जुन्या संगणकांतील हार्ड डिस्का, म्हणजे मजकूर साठविणाऱ्या फिरत्या तबकड्या, काढाव्या व नव्या नेटवर्क स्टोरेज यंत्रांत बसवाव्या, असा विचार आज पुष्कळांच्या मनांत येतो. हें यंत्र म्हणजे एक लहानशी पेटी. तींत दोन, चार किंवा अधिक डिस्का बसतात; ती तारेनें राउटरला जोडली म्हणजे इमारतींतील सर्व संगणकांना एकच कोठार उपलब्ध होतें. सोय मोठी आहे, आणि आमचा तिला विरोध नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या स्थलांतराचा क्रम आधीं नक्कल, मग पडताळा आणि सर्वांत शेवटीं जुन्याची मोकळीक, असाच असला पाहिजे.

एवढी काळजी कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या मराठवाड्यानेंच दिलें आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली आणि नांदेड-लातुरासह मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामी अमदानींतील महसुली दप्तरें, मोडी व उर्दू कागद आणि शाळांच्या प्रवेशाच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. त्या वादाचा निवाडा करणें हा आमचा विषय नव्हे. परंतु पणज्याच्या नांवापुढें कोणा शिक्षकानें सहज लिहिलेला एक शब्द चौथ्या पिढीच्या मुलाला किती मोलाचा ठरूं शकतो, हें त्या शोधानें सर्वांस दाखविलें. असे जीर्ण कागद आतां प्रतिमारूपानें डिस्कांवर घेतले जातात. उद्यांचा शोध घेणारा कागदापाशीं नव्हे, डिस्कपाशीं येईल.

आतां धोका कोठें आहे तें पाहूं. विंडोज संगणकांतील डिस्कवर मजकूर ज्या पद्धतीनें मांडलेला असतो, त्याहून नेटवर्क स्टोरेज यंत्राची पद्धति बहुधा निराळी असते. त्यामुळें जुनी डिस्क आंत बसवून यंत्र सुरू केलें, तर तें तिला आपल्या पद्धतीची करून घेऊं पाहतें, आणि त्या क्रियेंत तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. यंत्र तशी सूचना देतें खरें; परंतु न वाचतां ‘होय’ म्हणणारे हात पुष्कळ असतात.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. दोन डिस्का जोडीनें चालविल्या म्हणजे एकीवर लिहिलेलें दुसरीवरहि उमटतें. ‘रेड’ नांवाच्या या पद्धतीचें विवेचन पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनीं अमेरिकेंत १९८८ सालीं केलें. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाहीं, हा तिचा गुण. परंतु चुकून एखादी फाइल पुसली, तर ती त्याच क्षणीं दोन्हींवरून जाते. पेटी चोरीस गेली किंवा जळाली, तर दोन्ही एकदमच जातात. आरशांतला दुसरा मनुष्य संकटांत मदतीला येत नाहीं.

एकुलती प्रत कशी नष्ट होते, याचा दाखला मराठी मुद्रणाच्या आरंभकाळांतच आहे. बंगालमधील सेरामपूर येथें राहून विल्यम कॅरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश प्रसिद्ध केला. ११ मार्च १८१२ रोजीं तेथील छापखान्यास आग लागली. टंक वितळले, कागद जळाले, आणि कॅरींच्या बहुभाषी कोशाचें हस्तलिखितहि राख झालें. परंतु टंक घडविण्याचे पोलादी ठसे ढिगाऱ्यांत शाबूत सांपडले, आणि त्यांवरून नवे टंक पाडून मुद्रण लवकरच पुनः सुरू झालें. ज्याचें दुसरें रूप शिल्लक होतें तें परत आलें. ज्याची एकच प्रत होती, ती गेली ती गेलीच.

म्हणून नव्या यंत्रांत प्रथम नव्या डिस्का बसवाव्या, आणि जुनी डिस्क बाहेरून जोडून तिची नक्कल कोठारांत उतरवावी. ४ टेराबाइट मजकूर गिगाबिट तारेवरून उतरण्यास सुमारें १० तास लागतात. तेव्हां हें काम सुटीच्या दिवशीं व यू.पी.एस.च्या आधारानें करावें. मध्येंच वीज गेली, तर अर्धवट नक्कल पुरी समजली जाण्याचा संभव असतो. नंतर पडताळा. एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. नुसती नक्कल पुरत नाहीं, हें मराठवाड्यास तेव्हांपासून ठाऊक आहे. संगणकावर हेंच काम ‘चेकसम’ करतो. मूळ फाइल व तिची नक्कल यांवरून काढलेले आंकडे तंतोतंत जुळले, तरच नक्कल खरी मानावी.

नव्या डिस्कांचा खर्च पालकांस व शाळांस जड वाटेल, आणि ती शंका अयोग्य नाहीं. परंतु जुनी डिस्क फुकट जात नाहीं. पडताळ्यानंतर ती आणखी एक प्रत म्हणून कपाटांत राहते. उलट अनेक वर्षें फिरून झिजलेल्या डिस्कवरच नवें कोठार उभारणें, म्हणजे जुन्या वाशांवर नवें छप्पर घालणें होय.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला नियम सोपा आहे: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत अन्यत्र. ‘अन्यत्र’ या शब्दाचें मोल लातूर जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं. त्या हानीपुढें कागदांची हानि ती काय? परंतु वांचलेल्यांपाशीं गेलेल्यांचें एक छायाचित्रहि उरूं नये, ही दुःखावर डागणीच होय. आमची सूचना अशी कीं, नांदेडच्या शाळेनें आपली एक प्रत लातूरच्या शाळेंत ठेवावी आणि लातूरच्या शाळेनें नांदेडास. दोहोंमध्यें शंभराहून अधिक किलोमीटरांचें अंतर आहे. एकच संकट दोन्ही ठिकाणच्या प्रती एकदम नेईल असा संभव थोडा. मात्र त्या प्रतींत मुलांचीं नांवें असल्यानें ती कुलुपांत व सांकेतिक शब्दानें बंद असावी.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रें हाताळण्यांत तुम्ही वडीलधाऱ्यांहून चपळ आहांत, आणि बहुतेक घरीं हें काम तुमच्याच हातीं येईल. ‘होय’ची कळ दाबण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारा: दुसरी प्रत कोठें आहे? ती डोळ्यांनीं पाहून, उघडून, वाचून होईपर्यंत जुनी डिस्क पुसूं नका.