कवटीच्या मापावर टांगलेली समता

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्र आणि सुप्रजननशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख. युरोपीय माणूस अधिक तर्कनिष्ठ, तेव्हा त्याच्या कवटीची उजवी बाजू मोठी भरणार, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्याही त्यांत होत्या. दोन्ही बाजूंत थोडाफार फरक आढळला, पण त्याचा वंशाशी संबंध दिसेना. बाईंनी प्रबंधात तसेच लिहिले. मार्गदर्शकाचे गृहीतक मोडणारा निष्कर्ष, तोही परमुलखात, पंचविशीच्या आतबाहेरच्या एका मराठी बाईने काढलेला.

याचा अभिमान वाटायलाच हवा. पण ही हकिकत सांगताना आपण पुढे जोडतो, की विज्ञानाने वंशवाद खोटा ठरवला, म्हणून माणसे समान. या ‘म्हणून’ची मला भीती वाटते. माप उलटे आले असते तर? कवट्यांत खरोखरच वंशागणिक फरक निघाला असता, तर आफ्रिकी माणसाला लुटणे न्याय्य ठरले असते का? जुलै १९३३ मध्ये जर्मनीत सुप्रजननाच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यामागचे विज्ञान कच्चे होते, हे खरेच. पण ते पक्के असते, तरी तो अत्याचारच होता. हे दुसरे वाक्य आपण बोलायचे विसरतो.

उत्क्रांतीतूनच नीती काढू पाहणारे सगळेच क्रूर नव्हते. क्रोपोत्किन यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांमधल्या परस्पर-साहाय्याची उदाहरणे गोळा केली आणि माणसाच्या नीतीची मुळे तिथे शोधली. उदाहरणे खोटी नाहीत. पण सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात माउंट अबूला काळतोंड्या वानरांचा अभ्यास केला, तोही पाहावा. टोळीचा ताबा नव्या नराकडे गेला, की तो अनेकदा आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्ले मारतो. पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येते आणि नव्याचा वंश सुरू होतो. निसर्गनिवडीच्या हिशेबात सहकार्य जसे बसते, तशी ही पिल्लूहत्याही बसते. यातले कोणते घ्यायचे नि कोणते टाकायचे, हे आपण ठरवतो, आणि ठरवण्याची कसोटी त्या वानरांकडून आलेली नसते.

धर्माचेही तेच. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात डार्विन शोधणारी प्रवचने आपण ऐकतो. भक्तांना वाटते, श्रद्धेला बळ आले. खरे तर तिला प्रयोगशाळेच्या दाराशी प्रमाणपत्रासाठी उभे केलेले असते. आणि याच वाटेने जातीलाही सुप्रजननाचे शास्त्र चिकटवले गेले.

त्याला बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये उत्तर दिले, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळानेच सभा रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, हे तर त्यांनी दाखवलेच. पण ते तिथे थांबले नाहीत. आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न, तिन्ही बाबतींत माणसे असमान असतात, हे त्यांनी सरळ मान्य केले. तरीही समाजाचा कारभार समतेच्याच तत्त्वावर चालला पाहिजे, असे ते म्हणाले. समतेची बाजू घेणाऱ्याने प्रतिपक्षाचा सर्वांत जड मुद्दा कबूल करून मग आपले म्हणणे मांडावे, असे फार क्वचित घडते.

आज अमेरिकेत काही कंपन्या कृत्रिम गर्भधारणेतल्या भ्रूणांची जनुके तपासून भावी बुद्धीचे अंदाज विकू लागल्या आहेत. अंदाज आज तोकडे आहेत. उद्या कदाचित सुधारतीलही. तेव्हा ‘हे विज्ञानच चुकीचे आहे’ एवढे म्हणून भागणार नाही. कमी गुणांकन मिळालेल्या मुलाला वर्गात तोच बाक, तेच पुस्तक आणि तोच शिक्षक का द्यायचा, हे त्या दिवशी पालकसभेत कुणीतरी विचारील.