भक्षक सागरी माशांसाठी गोल्डफिश हे खाद्य नव्हे

शोभिवंत माशांच्या दुकानात दर्शनी टाकीजवळ अनेकदा आणखी एक साधी टाकी असते. तिच्यात ना रंगीत खडी असते ना वनस्पती; केवळ दाटीवाटीने कोंबलेले लहान गोल्डफिश, गप्पी किंवा मॉली असतात. हे मासे पाळण्यासाठी नसतात. मोठ्या माशांच्या तोंडी देण्यासाठी ते डझनाच्या भावाने विकले जातात. गोड्या पाण्यातील ऑस्कर, अरोवाना यांच्यासाठी सुरू झालेली ही प्रथा घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोहोचली आहे. लायनफिश, लहान गोबरा, मोरे वाम यांसारखे भक्षक मासे विकत घेणाऱ्या हौशी ग्राहकाला तेच जिवंत खाद्य सुचवले जाते. शोभिवंत मत्स्यपालन करणारे शेतकरी आणि त्यांना सल्ला देणारे विस्तार कार्यकर्ते यांनी या प्रथेकडे हक्काची बाजारपेठ म्हणून पाहू नये. ती बाजारपेठ खोटी आहे, कारण तिच्यातील ग्राहकाचा मासा फार काळ जगत नाही. आणि मासा मेला की बहुतेक ग्राहक टाकीच विकून टाकतो.

या प्रथेच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की भक्षक मासा निसर्गात जिवंत भक्ष्यच पकडतो. हे खरेच आहे. लायनफिश आपले पंखासारखे पर पसरून लहान माशांना कोपऱ्यात कोंडतो आणि क्षणार्धात गिळतो. परंतु प्रवाळखडकांत त्याला मिळते ते समुद्रातील भक्ष्य: लहान सागरी मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्ले. त्याला गरज आहे ती समुद्रात घडलेल्या मांसाची. भक्ष्याने केलेली हालचाल ही केवळ त्याची भूक चाळवणारी खूण आहे. ही दोन अंगे वेगळी ओळखली, तर पुढचा सारा विचार सोपा होतो.

पहिला फरक स्निग्धाम्लांचा आहे. गोड्या पाण्यातील बरेच मासे वनस्पतिजन्य खाद्यातील लिनोलेनिक आम्लापासून ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्ले स्वतःच्या शरीरात काही प्रमाणात तयार करू शकतात. बहुसंख्य सागरी भक्षक माशांमध्ये ही क्षमता अत्यल्प असते. समुद्रात सूक्ष्म शैवालांपासून सुरू होणाऱ्या अन्नसाखळीतून ही आम्ले त्यांना आयती मिळत आली, त्यामुळे ती बनवण्याची गरजच त्यांना पडली नाही. भाताचा कोंडा आणि गव्हाचे पीठ खाऊन वाढलेला गोल्डफिश या बाबतीत फारच दरिद्री असतो. कोंबडीच्या मांसाचे तुकडे किंवा बोकडाचे काळीज देण्याची हौस तर याहून वाईट. जमिनीवरील प्राण्यांच्या संपृक्त चरबीसाठी माशाचे पचन घडलेले नाही. ती यकृतात साठत जाते.

दुसरा फरक अधिक गंभीर आहे, आणि त्याची पहिली मोठी साक्ष माशांकडून नव्हे तर कोल्ह्यांकडून मिळाली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चास्टेक नावाच्या व्यावसायिकाच्या फार्मवर लोकरीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना पक्षाघात होऊन ते मरू लागले. त्यांच्या आहारात कच्च्या कार्प माशांचा समावेश होता. पुढील संशोधनातून स्पष्ट झाले की या माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर असते आणि ते आहारातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, नष्ट करते. हा रोग आजही पशुवैद्यकात चास्टेक पक्षाघात या नावाने ओळखला जातो. गोल्डफिश हा कार्पच्याच कुळातला मासा आहे, आणि त्याच्यातही हे विकर असते. शिजवल्याने विकर निकामी होते, गोठवल्याने मात्र होत नाही. उलट शीतपेटीत ठेवलेल्या मांसातही थायमिनचा नाश हळूहळू चालूच राहतो.

केवळ गोल्डफिशवर ठेवलेल्या भक्षक माशाची भूक काही महिन्यांनी मंदावते, त्याचा तोल जाऊ लागतो, कधी झटके येतात. हे सारे इतके सावकाश घडते की मालक पाण्याला, क्षारतेला किंवा नशिबाला दोष देतो. खाद्यावर संशय घेत नाही, कारण मासा ते आवडीने खात असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. थायमिनेज फक्त गोड्या पाण्यातील माशांत असते असे नाही. तारली आणि मांदेली ज्या कुळांतील आहेत त्या कुळांतील कित्येक सागरी जातींत आणि काही शिंपल्यांतही ते आढळते. म्हणून ‘समुद्रातले काहीही चालेल’ हा नियम पुरेसा नाही. एकाच जातीच्या माशावर सगळा आहार विसंबून ठेवणे हाच मूळ दोष आहे. राणी मासा किंवा ढोम्याचे मांस, सालासकट कोळंबी, म्हाकूळ, खेकड्याचे तुकडे असा बदलता आहार आणि आठवड्यातून एकदा थायमिनयुक्त जीवनसत्त्वांच्या द्रावणात भिजवलेला घास, एवढ्याने धोका बऱ्यापैकी टळतो.

रोगांचा विचारही करावा लागतो. गोड्या पाण्यातील अनेक परजीवी खाऱ्या पाण्यात मरतात, त्यामुळे गोल्डफिश सुरक्षित आहे असे काही विक्रेते सांगतात. युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांतील माशांना ग्रासतो आणि हातावरच्या लहानशा जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतो. दाटीवाटीने ठेवलेले, उपाशी, जखमी खाद्यमासे अशा जिवाणूंचे उत्तम वाहक ठरतात.

जिवंत खाद्याला कोठेच स्थान नाही असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. नुकताच समुद्रातून पकडलेला, प्रवासाने खचलेला लायनफिश मृत मांसाकडे पाहतही नाही. त्याला उपाशी मरू देण्यापेक्षा काही दिवस जिवंत कोळंबी किंवा खाऱ्या पाण्याला सरावलेल्या मॉली देणे रास्त आहे. त्याआधी त्या मॉलींना दोन दिवस चांगले सागरी खाद्य खाऊ घालावे, म्हणजे त्यांच्या पोटातून ते भक्षकापर्यंत पोहोचते. पण हा पूल आहे, मुक्काम नव्हे. पुढची पायरी म्हणजे बोथट टोकाच्या लांब प्लास्टिक काडीला मांसाचा बारीक तुकडा लावून तो माशासमोर प्रवाहात हलवणे. तुकड्याला भक्ष्याची चाल मिळाली की बहुतेक मासे काही दिवसांत, हट्टी मासे काही आठवड्यांत मृत खाद्यावर येतात. लायनफिशच्या पाठीवरचे काटे विषारी असल्याने हाताने घास भरवण्याचे धाडस कोणीही करू नये. मोरे वामीची दृष्टी कमकुवत आणि घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. तिला बोट आणि म्हाकूळ यांतला भेद उशिरा कळतो.

किती आणि कितीदा खाऊ घालावे, या प्रश्नावर हौशी मंडळी सर्वाधिक चुकतात. भक्षक मासा मालकाला पाहून काचेशी येतो आणि ती याचना मानून रोज पोटभर घास दिला जातो. वास्तविक हे मासे उपासाला घडलेले आहेत. तांबड्या समुद्रातील लायनफिशवर झालेल्या प्रयोगांत प्रौढ मासे सुमारे तीन महिने अन्नाविना जगले. वाढत्या पिल्लांना रोज थोडे द्यावे हे ठीक. प्रौढ लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा, प्रौढ मोरे वामीला एकदा किंवा दोनदा पुरते. गोबऱ्याला एक दिवसाआड. ट्रिगर मासा यास अपवाद: त्याचे दात सतत वाढतात, म्हणून त्याला थोडे थोडे रोज, आणि त्यात कठीण कवचाचे खाद्य हवेच. घास एका मोठ्या तुकड्याचा नसावा. पोटाच्या मानाने मोठे भक्ष्य गिळलेला मासा ते अर्धवट पचवून ओकतो, आणि मग त्रास पाण्याला होतो.

पिकाला नत्राची मात्रा मोजून देणाऱ्या शेतकऱ्याला पुढचा हिशेब अवघड वाटू नये. १० ग्रॅम माशाच्या मांसात साधारण १.८ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांच्या १६ टक्के नत्र धरले तर ते ०.२९ ग्रॅम होते. न खाल्लेला असा एक तुकडा २०० लिटरच्या टाकीत दगडामागे कुजला, तर प्रत्येक लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात उतरू शकते. सागरी टाकीचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि सामू जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी भाग अधिक. गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारी चूक येथे खपत नाही. म्हणून अर्ध्या तासात उरलेला घास काढून टाकणे हा टाकीच्या स्वच्छतेचा नव्हे, तर आहाराचाच भाग समजावा.

मग या माशांचे योग्य खाद्य पुरवणार कोण? विस्तार कार्यकर्त्यांचे लक्ष खरे तर येथे वळायला हवे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल माशांच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र बसवले. ‘कॅडलमिन वर्णा’सारखे शोभिवंत माशांसाठीचे तयार खाद्यही तिच्याकडून आले. परंतु क्लाउनफिश पिल्लू असल्यापासून तयार खाद्याला सरावलेला असतो. लायनफिश, वाम, गोबरा हे अजूनही बहुधा समुद्रातून पकडून आणले जातात आणि कोरडे दाणे सहसा नाकारतात. त्यांना गोठवलेल्या सागरी खाद्याची गरज आहे. महानगरांत असे खाद्य मिळते ते बहुधा परदेशी वेष्टनात. किनाऱ्यावरचा माल परदेशातून गोठून येतो आणि किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर विकला जातो, ही गोष्ट मासळी विकणाऱ्या महिलांच्या बचत गटांनी विचारात घ्यावी अशी आहे.

काम अवघड नाही; शिस्तीचे मात्र आहे. ताजी, केवळ बर्फावर ठेवलेली, कोणतेही रसायन न लावलेली मासळी घ्यावी. कोळंबी, म्हाकूळ आणि दोन प्रकारची पांढऱ्या मांसाची मासळी यांचे तुकडे माशाच्या तोंडाच्या मापाने करावेत, लहान कप्प्यांच्या तबकात एक वेळच्या मात्रेने भरावेत. उणे २० अंश सेल्सिअसला किमान सात दिवस ठेवल्यास मांसातील गोलकृमींच्या अळ्या मरतात. वेष्टनावर जाती, दिनांक आणि ‘वितळल्यावर पुन्हा गोठवू नये’ ही सूचना असावी. बांगड्यासारखी तेलकट मासळी लवकर खवट होते, तिचा साठा लांबवू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून हा यांत्रिक मासेमारीबंदीचा काळ असतो. त्या दोन महिन्यांची बेगमी आधी केली तर दुकानदार टिकतात, अन्यथा तो पुन्हा गोल्डफिशकडे वळतो.

या उद्योगात एक मोह आहे. जाळ्यात येणारी कोवळी मासळी स्वस्त मिळते आणि तिचा आकारही टाकीतल्या माशाच्या तोंडाला साजेसा असतो. केरळ, महाराष्ट्र या राज्यांनी अनेक जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले आहेत. पिल्ले पकडून त्यांचे शोभिवंत माशांचे खाद्य करणे म्हणजे पुढच्या हंगामाची मासळी आजच विकणे होय. मोठी मासळी कापून तुकडे करण्याचे श्रम वाचवू नयेत. कोळंबीच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. पांढरे ठिपके रोगाचा विषाणू गोठवण्याने मरत नाही. माशांना तो बाधत नाही, पण कोळंबीची साले आणि धुतलेले पाणी खाडीत किंवा कोळंबी तलावांच्या ओढ्यात गेले तर शेजारच्या शेतकऱ्याचे पीक धोक्यात येते. हा कचरा पुरावा किंवा उकळून टाकावा.

गोल्डफिशचे बीजोत्पादन करणाऱ्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. वाकड्या कण्याची, फिक्या रंगाची पिल्ले प्रत्येक घाण्यात निघतात; ती खाद्यमासे म्हणून विकली नाहीत तर त्यांचे करायचे काय? ती उकळून, वाळवून, दळून घरच्या खाद्यमिश्रणात वापरता येतात. उकळल्याने त्यांतील थायमिनेजही निकामी होते. डझनाच्या भावापेक्षा यात पैसा कमी सुटतो हे मान्य केले पाहिजे. परंतु निवड कडक केल्याने आणि चांगले प्रजनक ठेवल्याने टाकाऊ पिल्लांचे प्रमाणच घटते, आणि नफ्याची खरी वाट तीच आहे. खाद्यमाशांचा बाजार हाताशी असला की निवडीतली ढिलाई अंगवळणी पडते, हेही अनेक ठिकाणी दिसते.

विक्रेत्यांकडून एवढी अपेक्षा ठेवता येईल की भक्षक मासा ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तो काडीवरचा मृत घास घेतो हे त्याच्यासमोर दाखवावे. जो मासा घेत नाही, तो विकण्यायोग्य झालेला नाही. प्रशिक्षण वर्गांत शोभिवंत मत्स्यपालनाचा विषय शिकवताना ग्राहकाने विचारायचा हा पहिला प्रश्न म्हणून शिकवला, तर मागणीचा दाब दुकानदारावर, दुकानदाराचा पुरवठादारावर आणि पुरवठादाराचा जाळे टाकणाऱ्यावर येईल. घाईने पकडून घाईने विकलेल्या माशाला मग गिऱ्हाईक उरणार नाही, आणि गोठवलेल्या खाद्याची पहिली नियमित मागणी दुकानांतूनच सुरू होईल.