रानाचे मोल क्षेत्रफळात की दुव्यांत?

सिंगापूरच्या पश्चिम भागातील उलू पांदान येथे ३३ हेक्टरांचे एक रान आहे. रबराचे जुने मळे ओस पडल्यावर तेथे आपोआप वाढलेले हे रान ‘डोव्हर फॉरेस्ट’ या नावाने ओळखले जाते. नियोजन आराखड्यात ही जागा २००३ पासून निवासी वापरासाठी राखीव होती. २०२१ च्या प्रारंभी तेथे घरे बांधण्याची योजना पुढे येताच हजारो नागरिकांनी विरोध नोंदवला. जुलैमध्ये सरकारने मधला मार्ग काढला : पूर्वेकडील भागात बांधकाम करायचे, आणि नैसर्गिक ओढा असलेला, जैवविविधतेने अधिक संपन्न असा पश्चिमेकडील भाग तूर्त राखून सुमारे दहा वर्षांनी त्याचा फेरविचार करायचा. हा फेरविचार कोणत्या मापाने होणार, हा आजचा खरा प्रश्न आहे.

रानाचे मोल बहुधा क्षेत्रफळावरून किंवा झाडांच्या संख्येवरून ठरवले जाते. नेटवर्क विश्लेषण ही अभ्यासपद्धती वेगळा प्रश्न विचारते. रानाचा प्रत्येक तुकडा हा नकाशावरचा एक बिंदू मानायचा. पक्षी, प्राणी किंवा बिया एका तुकड्यातून दुसऱ्यात पोहोचू शकत असतील, तर त्यांच्यामध्ये दुवा जोडायचा. मग एखादा बिंदू पुसला तर उरलेल्या जाळ्याचे काय होते, हे पाहायचे. अशा वेळी पुष्कळदा असे आढळते की, चिमुकला तुकडाच दोन मोठ्या रानांमधला एकमेव पूल असतो.

स्वीडनमधील संशोधक ओर्यन बोदिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण मादागास्करमधील लहान वनतुकड्या याच दृष्टीने तपासल्या. त्यांतील अनेक तुकड्या स्थानिकांच्या श्रद्धेमुळे टिकून होत्या, आणि परागीभवन व बीजप्रसार यांसाठी त्या मोलाच्या ठरत होत्या. मराठी वाचकाला येथे देवराईची आठवण व्हावी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची नोंद केली, तेव्हा गावाची श्रद्धा आणि रानाचे अस्तित्व हे एकाच धाग्याचे दोन पदर असल्याचे स्पष्ट झाले होते.

या विचाराचा निसर्गाकडचा अर्धा भाग सिंगापूरने मान्य केला आहे. १९८६ मध्ये बुकित तिमाह द्रुतगती मार्गाने दोन संरक्षित वनांची ताटातूट केली होती. २०१३ मध्ये त्यावर ६२ मीटर लांबीचा ‘इको-लिंक’ हा हिरवा पूल बांधून ती वने पुन्हा जोडण्यात आली. तेंगाह या नव्या वसाहतीत सुमारे पाच किलोमीटर लांब व १०० मीटर रुंद वनपट्टा ठेवण्याचे नियोजन आहे. राष्ट्रीय उद्यान मंडळाने संपूर्ण बेटाच्या परिसंस्थांतील जोडण्यांचा अभ्यासही हाती घेतला.

माणसांच्या बाजूचा अर्धा भाग मात्र अजून धूसर आहे. २०१८ मध्ये डॅनियल रिचर्ड्स आणि बिगे तुंचेर यांनी सिंगापुरातील वीस हजारांहून अधिक समाजमाध्यमी छायाचित्रे संगणकीय प्रतिमा-ओळखीच्या साह्याने तपासली. त्यांतील २० टक्क्यांहून अधिक छायाचित्रे प्राणी वा वनस्पतींची होती. लोक निसर्गाशी कोठे जोडले जातात, हे पाहण्याचा हा वेगवान मार्ग आहे. परंतु छायाचित्र टाकणाराच त्यात दिसतो. रविवारी झाडाखाली मैत्रिणींसह डबा उघडणारी घरकामगार, किंवा पहाटे त्याच वाटेने फिरणारे आजोबा, यांचा दुवा या जाळ्यात उमटत नाही. ज्यांची नोंद नाही, त्यांचा संबंधच नाही, असा निष्कर्ष धोरणात शिरला तर पद्धतीची मर्यादा अन्यायाचे रूप घेते.

अशा दुव्यांचे सामर्थ्य सिंगापूरने अनुभवले आहे. पुलाऊ उबिन बेटावरील चेक जावा येथे भराव टाकण्याचे ठरले होते. २००१ मध्ये अभ्यासक, स्वयंसेवक आणि सामान्य नागरिक तेथे ओहोटीच्या वेळी उतरले, त्यांनी जीवसृष्टीची नोंद केली आणि ती शासनापर्यंत पोहोचवली. भरावाचे काम पुढे ढकलले गेले. किनारा, माणसे आणि शासन यांच्यात तयार झालेल्या दुव्यांनी तेथे निर्णय बदलला.

मुंबईत २०१९ मध्ये आरेचा वाद बव्हंशी किती झाडे तोडली या आकड्याभोवती फिरत राहिला. आदिवासी पाडे, बिबट्याच्या वाटा आणि शेजारचे राष्ट्रीय उद्यान यांना जोडणारे जाळे त्या आकड्यात मावणारे नव्हते.

घरांची गरज सिंगापुरात खरी आहे, आणि कोणतेही विश्लेषण रान राखायचे की घरे बांधायची, हे परस्पर ठरवू शकत नाही. मात्र नेमके काय तुटणार, हे ते आधी दाखवू शकते. त्यासाठी उपग्रहचित्रे आणि समाजमाध्यमे यांच्या जोडीला रानाच्या कडेला राहणाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलावे लागेल. उलू पांदानच्या फेरविचाराला अजून काही वर्षे आहेत. ते काम त्याआधी झाले, तरच निर्णयाच्या दिवशी समोरचे जाळे पूर्ण असेल.