किराणा दुकानातली खोकल्याची बाटली

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात लहान गावाला मेडिकल नसते, किराणा दुकान असते. तेल, मीठ, बिडी, खर्रा यांच्या शेजारच्या फळीवर बामच्या डब्या, डोकेदुखीच्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. लेकरू रात्रभर खोकले की सकाळी बाप तिथूनच बाटली आणतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होण्याआधी पुढचे मुद्दे वाचावेत.

1. पहिली गोष्ट, ही विक्री मुळात बेकायदा नाही. औषध नियमावली 1945 ची. तिच्या 'के' अनुसूचीत घरगुती औषधांची यादी आहे. हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या गावात ही औषधे विकायला परवाना लागत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या, बाम, ग्राइप वॉटर आणि खोकल्याची सिरपे या यादीत आहेत. दूरच्या गावाला निदान तापाची गोळी तरी मिळावी, हा हेतू चांगलाच होता. पण गडचिरोली जिल्ह्याचा हिशेब करून पाहा. 2011 च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आत लोकसंख्या आणि दीड हजाराच्या आसपास गावे. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरचीकडची बहुतेक गावे हजाराच्या आतच भरतात. मुंबई-पुण्याला किरकोळ वाटणारी ही सवलत इथे जवळजवळ सगळ्या तालुक्याला लागू होते.

या सवलतीला अटी आहेत. माल परवानाधारकाकडूनच घेतलेला हवा, मूळ सीलबंद बाटलीत विकायला हवा, आणि त्यात 'जी', 'एच' किंवा 'एक्स' अनुसूचीतला घटक नको. सर्दीच्या कितीतरी सिरपांत असणारे क्लोरफेनिरामिन हे 'जी' अनुसूचीत आहे. म्हणजे फळीवरच्या अनेक बाटल्या सवलतीत बसतच नाहीत. हे दुकानदाराला कोणी सांगितलेले नसते आणि लेबल बारीक इंग्रजीत असते. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक अशा दुकानापर्यंत कधी पोचतो, हे गावकऱ्यांनाच विचारावे.

2. आता छिंदवाडा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, वीसहून अधिक मुले दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सर्दी-खोकल्यासाठी त्यांना 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप दिले होते. काही दिवसांत लघवी कमी झाली, मग बंदच झाली. मुले नागपूरला आणली, डायलिसिसवर ठेवली, तरी अनेक वाचली नाहीत. तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या कारखान्यात बनलेल्या या औषधाच्या एसआर-13 या बॅचमध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. हे औद्योगिक द्रावक चवीला गोड असते, त्यामुळे जिभेला काहीच कळत नाही.

त्या मुलांना हे औषध त्यांच्या आईबापांनी मनानेच दिले होते असे नाही. अनेकांना ते डॉक्टरांनी लिहून दिले होते. म्हणून 'स्वतःच्या मनाने औषध घेऊ नका' एवढा फलक लावून सरकारची सुटका होत नाही. कच्चा माल न तपासणारा कारखाना आणि त्या कारखान्याकडे न पाहणारी यंत्रणा, दोष तिथे सुरू होतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. 2020 च्या सुमारास जम्मूतल्या रामनगरला, 2022 मध्ये गांबियात आणि उझबेकिस्तानात पुन्हा तेच झाले. तिन्ही ठिकाणचे सिरप भारतीय कारखान्यांचे होते.

3. कोल्ड्रिफची ती बॅच वापरू नका, असा इशारा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2025 मध्ये काढला. परवानाधारक मेडिकलला तो पोचवायला वितरकांची साखळी आहे. किराणा दुकान कोणाच्याच नोंदीत नाही, तिथे तो कोण नेणार? त्यात आपला भाग सीमेवरचा. सिरोंचाचा माणूस उपचाराला तेलंगणात जातो, कोरचीचा छत्तीसगडच्या बाजाराला. बाटली एका राज्यातून येते आणि इशारा दुसऱ्या राज्याचा निघतो. माझ्या मते इशारा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आठवडी बाजारात दवंडीने आणि माडिया-गोंडीत सांगितला गेला तरच तो निघाला म्हणावा.

4. विष बाजूला ठेवू. शुद्ध सिरपाचा तरी लहान मुलाला उपयोग किती? जवळजवळ नाहीच. साधी सर्दी विषाणूची असते, आठवडा-दहा दिवसांत आपणच जाते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 रोजी सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, पाचखालीही सहसा नकोत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनची जोडी चार वर्षांखाली वापरू नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्येच निघाला होता. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती, सोबत पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉलची गंमत (खरे तर गंमत कसली) नीट पाहा. मात्रा वजनावर ठरते : किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 100 ते 150. बाजारात एक सिरप पाच मिलिलीटरमध्ये 120-125 मिलिग्रॅमचे, दुसरे 250 चे, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलीटरलाच 100. तिघांची खोकी सारखीच दिसतात. 'एक चमचा द्या' एवढेच सांगितले, तर पहिल्या बाटलीतून मात्रा बरोबर जाते, दुसरीतून दुपटीच्या जवळ आणि तिसरीतून 500 मिलिग्रॅम. त्यावर सर्दीचे सिरप दिले तर त्यात पॅरासिटामॉल अनेकदा पुन्हा असते. घरचा चहाचा चमचाही पाच मिलिलीटरचा असेल असे नाही. मापाचे टोपण बाटलीवर ठेवावे, फेकू नये. आणि घटकांत तेच नाव दोन बाटल्यांवर दिसले तर एक परत करावी.

मग द्यायचे काय? अंगावरचे दूध, कोमट पाणी, नाक मोकळे करायला मिठाच्या पाण्याचे थेंब. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध. जंगलचा मध आपल्याकडे घरोघरी असतो. वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नको. त्यातल्या जंतूंनी बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. बाम तान्ह्या बाळाच्या नाकाला चोळू नये.

5. या भागात ताप म्हणजे आधी मलेरिया, मग बाकीचे. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा, त्यातही जिवावर बेतणारा फाल्सीपॅरम. सर्दीच्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल असते, त्याने ताप उतरतो, माणूस शेतावर जातो आणि बोटाच्या रक्ताची तपासणी दोन दिवस पुढे ढकलली जाते. ते दोन दिवस महागात पडतात. सिकलसेल असलेल्या मुलाचा ताप तर घरी थांबवून ठेवण्याचा नसतोच. सर्दीची गोळी घेणाऱ्या मोठ्यांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : तिने झोप येते, तेव्हा मोटारसायकल आणि ट्रक टाळावा, आणि मोहाच्या दारूबरोबर ती घेऊ नये.

6. खोकल्यात खरी भीती न्यूमोनियाची. तो ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, हे इथेच सिद्ध झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 मध्ये गडचिरोलीतल्या 58 गावांत आरोग्यदूत आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. 44 गावे तुलनेसाठी ठेवली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू या 58 गावांत तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी निघाले. 1990 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची पाटी बनवली. एक मिनिटाची वाळूची घटिका उलटी करायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया.

आजचे आकडे असे आहेत. मूल शांत असताना पूर्ण मिनिट पोट पाहून मोजा. दोन महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50, पाच वर्षांखाली 40 किंवा जास्त श्वास, नाहीतर श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, दूध सुटले, मूल सुस्त पडले : बाटली राहू द्या, आशाताईंना उठवा, 108 ला फोन करा. कोणतेही सिरप दिल्यावर लघवी कमी झाली तर बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

7. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरचा खोकला निराळा. कोळशाच्या खाणी, औष्णिक केंद्र आणि सिमेंट यांच्या धुळीत वर्षभर खोकणारा माणूस सिरपावर सिरप रिचवतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. धुळीचे उत्तर बाटलीत नाही, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारायचे आहे.

8. 'के' अनुसूचीतून सिरप हा शब्द वगळण्याचा मसुदा केंद्राने 2025 च्या अखेरीस काढला. माझा त्याला पाठिंबा आहे, पण एका अटीवर. बाटली उचलली आणि जागा रिकामी ठेवली तर ती झोलाछाप डॉक्टरचे इंजेक्शन भरून काढील. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ताच बंद होतो; तेव्हा 'डॉक्टरकडे जा' हा सल्ला कुठे नेऊन ठेवायचा? म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक पाड्यावर आशाताईंकडे मलेरियाची तपासणी पट्टी, एकाच ताकदीचे पॅरासिटामॉल, न्यूमोनियाचे प्रतिजैविक आणि श्वास मोजायचे घड्याळ पोचलेले हवे. साठा संपल्याची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी.

नियमाची वाट न पाहताही काम सुरू करता येते. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गावबाजाराच्या व्यवस्थेचा अधिकार आहे. दुकानात आणि बाजारात मुलांचे सर्दी-खोकल्याचे सिरप विकायचे नाही, असा ठराव येत्या सभेतच होऊ शकतो. त्यातच दुकानदाराचे नुकसान होणार नाही हेही लिहावे : उरलेल्या बाटल्या ज्या ठोक विक्रेत्याकडून आल्या त्याने पैसे देऊन परत घ्याव्यात, बॅच क्रमांकासह यादी करावी आणि यादीची एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यावी. त्यांचा टोल फ्री क्रमांक 1800222365 आहे.