कामगारांच्या गावातले थिएटर

वाचकहो, सिनेमा माहीत नाही असे घर आपल्या वस्तीत शोधूनही सापडायचे नाही. पण सिनेमाचा जन्म कुठला, असे कोणी विचारले की आपण पॅरिसचे नाव घेतो, नाहीतर मुंबईचे. पुस्तकात मोठ्या शहरांचीच नावे राहतात. म्हणून या खेपेला आम्ही एका लहान गावातल्या थिएटरची हकिकत सांगणार आहोत.

फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेय बंदराजवळ, समुद्रकाठी ला सियोता नावाचे गाव आहे. गाव कोळ्यांचे आणि जहाजे बांधणाऱ्या कामगारांचे. तिथे 15 जून 1889 रोजी 'ईडन' थिएटर उघडले. त्या वेळी पडद्यावरचा सिनेमा कोणी पाहिलेलाच नव्हता. ईडनमध्ये नाटके व्हायची, गाणेबजावणे व्हायचे. कुस्त्या आणि मुष्टियुद्धेही रंगायची.

याच गावात ल्युमिएर कुटुंबाचा बंगला होता. त्यांचा फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना लिऑन शहरात होता. 1895 च्या मार्चमध्ये ल्युमिएर बंधूंनी पहिले चित्रण केले ते कशाचे? राजाचे नाही, देवाचेही नाही. सुटी होऊन कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे! त्यातही बायाच जास्त. आम्हाला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. अर्थात कारखाना मालकाचा आणि कॅमेराही मालकाचाच होता, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे ला सियोताच्या स्टेशनात गाडी येते, एवढाच जेमतेम पाऊण मिनिटाचा सिनेमा त्यांनी काढला. फलाटावर त्यांच्याच घरची मंडळी दिसतात. गाडी अंगावर येते म्हणून प्रेक्षक पळत सुटले, असे लोक मोठ्या चवीने सांगतात. अभ्यासक मात्र त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. 21 मार्च 1899 रोजी ईडनमध्ये ल्युमिएरांच्या सिनेमांचा खेळ झाला आणि गावाला हक्काचे सिनेमाघर मिळाले.

तीच गाडी आपल्या मुंबईत त्याआधीच येऊन गेली होती. 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात खेळ झाला, त्यात ती होती. तिकीट एक रुपया! त्या काळी हातावर पोट असलेल्या माणसाला ते कुठून परवडणार? आठवडाभराने हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि पुढे तिथे चार आण्यांचे तिकीट निघाले, तेव्हा कुठे साध्या माणसासाठी दार किलकिले झाले. खेड्यापाड्यांत मात्र सिनेमा पोहोचवला तो तंबूच्या टुरिंग टॉकीजने. पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसे जमिनीवर बसत. उलट्या बाजूने पाहणाऱ्यांना नायक डावखुरा दिसायचा, पण तक्रार कोण करतो!

ईडनच्या नशिबी मात्र वाईट दिवस आले. 1982 मध्ये गल्ल्यावर डोळा ठेवून आलेल्यांनी मालकाचा खून केला. त्याच दशकाच्या अखेरीस जहाजांची गोदीही बंद पडली. कामगारांनी ताबा न सोडता काही वर्षे झुंज दिली. गिरणगावातल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. नगरपालिकेने 1992 मध्ये थिएटर विकत घेतले, तरी 1995 ला त्याचे दार लागलेच.

एवढ्यावर इमारत पडायची आणि जागा विकली जायची. आपल्या तालुक्यांच्या गावी किती टॉकीजचे असे झाले, ते वाचकांनी आठवून पाहावे. ला सियोतात गावकऱ्यांनी संस्था काढली आणि वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. 1996 मध्ये इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला. दुरुस्त झालेले ईडन ऑक्टोबर 2013 मध्ये पुन्हा उघडले. जगातल्या सर्वांत जुन्या सिनेमाघरांत त्याची गणना होते आणि तिथे सिनेमे लागतात. ते स्टेशन गावापासून जरा लांब आहे; तिथे गाड्या अजून थांबतात.