परदेशीं शिकवावयास जातांना पेटींत काय भरावें?

आमच्या शाळेंतून शिकून गेलेल्यांपैकीं कोणी ना कोणी अलीकडे शिक्षकाची नेमणूक मिळवून परदेशीं जातो. कोणी दुबईस, कोणी मस्कतला, तर कोणी मालदीवच्या बेटांवर. निघण्यापूर्वीं ही मंडळी निरोप घ्यावयास येतात. बरोबर बहुधा आई असते, आणि आईचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, पेटींत काय काय भरूं?" या प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत देतां येत नाहीं, म्हणून तें येथें लिहावें असें आम्हांस वाटलें.

मागील वर्षीं आमची एक जुनी विद्यार्थिनी दुबईच्या एका शाळेंत रुजू व्हावयास निघाली. आम्ही तळेगावांत तिच्या घरीं गेलों तेव्हां पेटी काट्यावर चढविलेली होती. परवानगी तीस किलोंची आणि वजन चौतीस! उघडून पाहतों तों निम्मी पेटी खाण्याच्या जिनसांनीं भरलेली. त्यांत आईनें रात्र जागून केलेले अनारसे होते आणि अनारशांवर अर्थातच खसखस होती. आपल्याकडे खसखस हा मसाल्याच्या डब्यांतला निरुपद्रवी जिन्नस. परंतु ती अफूच्या बोंडांतून निघते, म्हणून संयुक्त अरब अमिरातींत व सौदी अरबस्तानांत ती जवळ बाळगणें हा गुन्हा ठरतो. अनारसे बाहेर काढावयास सांगतांना त्या माउलीचा उतरलेला चेहरा आम्हांस अजून आठवतो. पण मायेनें भरलेली वस्तु लेकीला कस्टमच्या चौकींत उभी करील, हें सांगणें आमचें कर्तव्य होतें.

सुक्या खोबऱ्याचेंहि तसेंच. तें तेलकट असल्यामुळें पेट घेऊं शकतें, म्हणून विमानकंपन्या तें नेऊं देत नाहींत. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतें. आखाती देशांत अशा औषधांवर कडक निर्बंध आहेत. औषधें न्यावयाचीं तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी आणि त्या देशाचा नियम आधीं पाहिलेला हवा.

आतां कागदपत्रें. त्या मुलीच्या पदवीचीं प्रमाणपत्रें पेटीच्या तळाशीं, साड्यांच्या खालीं होतीं! पेटी हरवली असती तर नोकरीहि हरवली असती. मूळ प्रमाणपत्रें, पासपोर्ट व नेमणुकीचा करार हीं नेहमीं हातांतल्या पिशवींत असावींत आणि त्यांच्या प्रती घरीं ठेवाव्यात. हेगच्या करारांत सामील असलेल्या देशांसाठीं प्रमाणपत्रांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचें अपॉस्टिल लागतें; इतर देशांसाठीं मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काहि लागतो. या कामास आठवडे लागतात, तेव्हां तें तिकिटाच्या आधीं करावें. आणि पासपोर्ट कोणी "सांभाळावयास" मागितला तर विनयानें पण ठामपणें नाहीं म्हणावें.

कायद्याचें एवढें झालें. मनाच्या पेटीचें काय? पवित्र शास्त्रांत याविषयीं दोन गोष्टी आढळतात. प्रभूनें शिष्यांस पाठविलें तेव्हां झोळी व दुसरा अंगरखा घेऊं नका असें सांगितलें; आणि पौलानें म्हातारपणीं बंदिवासांतून तीमथ्यास लिहिलें तेव्हां त्रोवसांत राहिलेला आपला झगा, पुस्तकें व विशेषेंकरून चर्मपत्रें मागविलीं. आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. ओझें नको, पण थंडीपुरतें वस्त्र आणि आपल्या कामाचीं पुस्तकें हवींत.

आपल्याच इतिहासाकडे पाहा. सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका 1827 सालीं मुंबईस उतरली. तिनें आणलेल्या पेट्यांची आज कोणास आठवण नाहीं. तिनें मराठी शिकून घेतली आणि मुलींच्या शाळा चालविल्या, हें मात्र स्मरणांत आहे. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील तिची शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. 1862 सालीं ती तेथेंच वारली. उलट दिशेनें पंडिता रमाबाई 1883 सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजांत त्या शिकल्या आणि तेथेंच संस्कृत शिकवूं लागल्या. त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं आणि नवें ज्ञान घेण्यास संकोचहि केला नाहीं. जें आपलें तें टिकवावें आणि जें त्यांचें तें शिकावें, ही खरी शिदोरी होय.

आणि तळेगावकरांनीं तर दूर जावयास नको. 1908 सालीं पैसा फंडाचा काचकारखाना आपल्या गांवांत उभा राहिला तो लोकांच्या एकेका पैशावर. तेथें काम उभें करणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानांत व अमेरिकेंत काचविद्या शिकून आले होते. ती विद्या येथील कारागिरांच्या हातीं आली आणि त्यांच्याबरोबर देशांत ठिकठिकाणीं पसरली. काच वाहून न्यावयास गवताच्या पेंढ्या लागतात; काच करण्याच्या विद्येस कसलेंच बांधण लागत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी, कीं पेटीचा चौथा हिस्सा रिकामा सोडावा. तेथेंहि बाजार आहे, तेथेंहि शेजार आहे. सगळेंच घरून नेणाऱ्यास शेजाऱ्याचें दार ठोठावण्याचें कारण उरत नाहीं, आणि शेजार न ओळखणारा शिक्षक त्या शेजाऱ्यांच्या मुलांस काय शिकविणार? जाणाऱ्यांनीं आपल्या विषयाचीं टिपणें घ्यावींत, मायबोलीचें एक आवडतें पुस्तक घ्यावें आणि त्या देशाच्या भाषेंतील निदान पन्नास शब्द निघण्यापूर्वीं पाठ करावेत.

त्या अनारशांचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलेंच. ते शेजारपाजारच्या मुलांनीं खाल्ले. आईनें मग वहीचें एक पान फाडून अनारशांची कृति आपल्या हातानें लिहून दिली आणि शेवटीं लिहिलें : "खसखस नसली तर तीळ लाव." तें पान दहा ग्रॅमहि भरलें नसेल; पण त्या पेटींत त्याहून मोलाचें कांहीं होतें असें आम्हांस वाटत नाहीं.